नोकरी सांभाळून प्रायश्चित्तकाळ कसा पाळावा: नागपूरच्या कॅथलिक घरासाठी

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आटोपून मी तसाच कार्यालयात पोहोचलो, तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडमनी माझ्या कपाळाकडे पाहून आस्थेने विचारले, "काय हो, टेकडीच्या गणपतीला जाऊन आलात वाटतं? अंगारा लावलाय." मी त्यांना सांगितले, की हा अंगारा नाही, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि आजपासून आमचा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या तयारीचा काळ, सुरू होतो. "म्हणजे आता चाळीस दिवस साबुदाणाच?" त्यांनी लगेच विचारले. या प्रश्नाचे नेमके उत्तर पुष्कळ कॅथलिकांनाही देता येत नाही, असा माझा अनुभव आहे. कोणी चाळीस दिवसांचे कडक संकल्प करतो आणि दुसऱ्या आठवड्यात ते मोडतो; कोणी नोकरीच्या धबडग्यात हे जमायचे नाही असे ठरवून राख लावण्यापलीकडे काहीच करत नाही. चर्च आपल्याकडून सक्तीने किती मागते आणि किती आपल्या विवेकावर सोडते, हा हिशेब दोघांनीही मांडलेला नसतो.

हा हिशेब मांडताना नागपूरकराला एक आधार जवळच आहे. सदरमधील आपले कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे आहे, ते जिनिव्हाचे बिशप असले तरी त्यांचा मुक्काम फ्रान्समधील आनसी गावात असे, आणि त्याच आनसीच्या मिशनरींनी नागपूरच्या मिशनचा पाया घातला. सतराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस यांनी प्रापंचिकांसाठी लिहिताना स्पष्ट बजावले होते, की संसारी माणसाने संन्याशासारखे आणि कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसणाऱ्या साधूसारखे वागू पाहणे ही भक्ती नसून गोंधळ आहे. प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामधंद्याला साजेशी असावी. पुढे जे सुचवले आहे, ते या धोरणाने सुचवले आहे.

आधी तारखा

ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, दरवर्षी सरकतो आणि त्याच्याबरोबर सगळा काळ सरकतो, त्यामुळे पहिले काम भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करण्याचे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्च ही पौर्णिमा स्वतःच्या कोष्टकावरून काढते, तरी ती बहुधा आपल्या पंचांगातल्या पौर्णिमेच्या आसपासच असते. २०२६ मध्ये ती चैत्र पौर्णिमा, म्हणजे २ एप्रिलची हनुमान जयंती आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला येतो. २०२७ मध्ये मात्र २२ मार्चची होळीची पौर्णिमाच गणतीत येते, म्हणून ईस्टर २८ मार्चलाच आहे. ईस्टरपासून ४६ दिवस मागे गेले, की राखेचा बुधवार सापडतो: २०२६ मध्ये १८ फेब्रुवारी, २०२७ मध्ये १० फेब्रुवारी. या गणिताची घडी पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये नीट बसवली. वसंतसंपात घसरत ११ मार्चच्या आसपास आला होता, म्हणून त्यांनी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर धरायला लावला आणि आज आपल्या कार्यालयात लटकते ती दिनदर्शिका जन्माला आली.

४६ आणि चाळीस यांचा मेळ कसा, हे मुले हटकून विचारतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने तो उपवासात धरत नाहीत, आणि सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले थोर ग्रेगरी यांच्या वेळी सहा आठवड्यांचे छत्तीसच दिवस होत, आणि वर्षाचा हा दशांश आपण देवाला देतो असे ते समजावून सांगत. पुढे बुधवार ते शनिवार असे चार दिवस आधी जोडले गेले. राख कपाळावर घेण्याची रीत सर्व भाविकांसाठी असावी, असे पोप अर्बन दुसरे यांच्या अध्यक्षतेखालील बेनेव्हेंतोच्या सभेत १०९१ मध्ये ठरले. या बुधवारी मिस्सेला येण्याची सक्ती नाही, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. तरीही सकाळची किंवा संध्याकाळची वेळ साधता आली तर साधावी, आणि घरातल्या क्रुसामागे खोचलेल्या गेल्या वर्षीच्या वाळक्या झावळ्या आधीच्या रविवारीच चर्चमध्ये नेऊन द्याव्यात.

उपवास आणि मांसवर्जन या दोन वेगळ्या गोष्टी

मराठी घरात उपवास म्हटला, की साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी समोर येते. आपला उपवास पदार्थांचा असतो, प्रमाणाचा क्वचितच. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काही उगाच पडलेली नाही. कॅथलिक उपवासाचा नियम याच्या उलट, प्रमाणाचा आहे. दिवसात एकच पूर्ण जेवण घ्यावे. शिवाय सकाळी व संध्याकाळी थोडे काही खाल्ले तर चालते, आणि ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाइतके होऊ नये, असे माप सर्वसाधारणपणे धरले जाते. म्हणून साधे वरण-भात बेताने खाणारा हा उपवास पाळतो आणि तीन वेळा खिचडी रिचवणारा तो मोडतो. असा उपवास वर्षात फक्त दोन दिवस सक्तीचा आहे: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत तो लागू असतो. आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि मधुमेहासाठी वेळेवर खावे लागणारे यांना त्याचे बंधन नाही, आणि त्यांनी मनाला लावून घेण्याचेही कारण नाही.

मांसवर्जन हा दुसरा नियम. तो त्या दोन दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी असतो, १४ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागू होतो आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. वर्षातले इतर शुक्रवारही प्रायश्चित्ताचेच दिवस आहेत. ते कोणत्या प्रकारे पाळावेत, हे आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, फादरांना एकदा विचारून घ्यावे.

पूर्वी हे एवढे सोपे नव्हते. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार रविवार सोडून चाळीसही दिवस उपवासाचे होते. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप पॉल सहावे यांनी ही संख्या खाली आणली, आणि त्यामागे कष्टकरी व गरीब माणसाच्या परिस्थितीचा विचार होता. ज्याला रोजच पोटभर मिळत नाही, त्याच्यावर आणखी उपासमार लादण्यात अर्थ नाही, तर जो सुखवस्तू आहे त्याने स्वतःहून अधिक काही सोडावे, अशी त्यांची भूमिका होती. नियम हलका झाला तो आपली सुटका व्हावी म्हणून नव्हे, हे एवढे लक्षात ठेवले की उरलेल्या ३८ दिवसांचे काय करायचे हा प्रश्न आपोआप आपल्या दाराशी येतो.

माझा राखेचा बुधवार असा जातो: मिस्सेनंतर चहा आणि अर्धी बशी पोहे, तर्रीविना, दुपारच्या डब्यात तीन पोळ्या, भाजी, वरण आणि भात, रात्री एक भाकरी आणि चमचाभर झुणका. मधल्या वेळी पाणी, चहा, ताक चालते, आलूबोंडा चालत नाही. कठीण जाते ती दुपारी चारची वेळ, कारण नेमके त्याच दिवशी कोणाचा तरी वाढदिवस निघतो आणि समोशांचा पुडा टेबलावर फिरू लागतो. अशा वेळी नियमशास्त्र सांगत बसू नये. आपला समोसा कागदात बांधून घरच्या लेकरासाठी न्यावा, कोणाच्या लक्षातही येत नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात उपास करताना तोंड धुवून, डोक्याला तेल लावून राहायला सांगितले आहे, ते बहुधा याचसाठी.

शुक्रवारची गोष्ट वेगळी, कारण तिथे विसरभोळेपणा घात करतो. एका वर्षी पहिल्याच शुक्रवारी मी डबा उघडला आणि पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातल्यावर ध्यानात आले, की हा गुरुवारी रात्री उरलेल्या कोंबडीचा रस्सा आहे. नकळत घडलेले हे पाप नव्हे. डबा बंद केला, शेजाऱ्याच्या पुढे सरकवला आणि त्याच्या डब्यातली मेथीची भाजी घेतली. तेव्हापासून आमच्या घरी सामिष जेवण बुधवारी आटोपते आणि गुरुवारी रात्री शिल्लक काही राहणार नाही, याची काळजी घेतली जाते. सात शुक्रवारांवर दिनदर्शिकेत लाल फुली मारली, तर स्वयंपाक करणाऱ्यालाही विचारावे लागत नाही. नागपूरकराची खरी परीक्षा अर्थातच सावजीची असते, पण त्याच मसाल्यातला पाटोडी रस्सा शुक्रवारी बिनदिक्कत खाता येतो. अंडी, दूध आणि मासे यांना मनाई नाही. प्राण्यांच्या चरबीतले वाटण-मसाले देखील पॉल सहावे यांनी मोकळे ठेवले आहेत. मासळीबाबत माझे मत मात्र जरा कडवट आहे: समुद्रापासून इतक्या दूर राहून शुक्रवार साजरा करायला महागडे पापलेट आणणे म्हणजे एकादशीच्या म्हणीत आपलेही नाव घालून घेणे होय.

मांसवर्जनाला एक अपवाद आहे. शुक्रवारी महासण, म्हणजे चर्चचा सर्वोच्च दर्जाचा सण, आला तर त्या दिवशी मांसवर्जनाची सक्ती राहत नाही. २०२७ मध्ये १९ मार्चचा संत जोसेफ यांचा महासण शुक्रवारीच येतो. ज्यांच्या घरात एखादा जोसेफ आहे, त्यांनी त्या दिवशीचा बेत आत्ताच ठरवून ठेवायला हरकत नाही.

क्रुसाची वाट, दोन-दोन स्थानांनी

शुक्रवारी संध्याकाळी बहुतेक चर्चमध्ये क्रुसाची वाट ही प्रार्थना होते, तीत येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेवरचे प्रसंग, म्हणजे स्थाने, एकेक करून आठवतात, आणि हिंगणा किंवा बुटीबोरीहून सुटणाऱ्या माणसाला ती गाठता येत नाही. आज आपण जी चौदा स्थाने म्हणतो, ती संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ मध्ये पक्की केली. त्याआधी ठिकठिकाणी कमी-अधिक स्थाने असत. प्रायश्चित्तकाळात उत्तम शुक्रवार धरून सात शुक्रवार येतात. चौदा भागिले सात, दर शुक्रवारी दोन स्थाने, असा हिशेब मी स्वतःच्या सोयीसाठी काढला आणि गेली काही वर्षे तो घरात चालतो. रात्री जेवणे झाल्यावर दिवा मंद करून क्रुसासमोर उभे राहायचे, स्थानाचे नाव घ्यायचे, शुभवर्तमानातल्या चार ओळी वाचायच्या आणि क्षणभर गप्प राहायचे. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. शेवटची दोन स्थाने, देह क्रुसावरून उतरवणे आणि कबरीत ठेवणे, बरोबर उत्तम शुक्रवारी येतात. हा काही अधिकृत विधी नव्हे, आणि ज्याला चर्चमध्ये जाणे शक्य आहे त्याने अर्थातच तिथे जावे.

घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी एक आठवण सांगतो. २००५ च्या उत्तम शुक्रवारी पोप जॉन पॉल दुसरे यांना रोमच्या कोलोसियममधील क्रुसाच्या वाटेला जाण्याइतकी ताकद उरली नव्हती. ते आपल्या खासगी चॅपेलमध्ये पडद्यासमोर बसून ती प्रार्थना पाहत होते, आणि दूरचित्रवाणीवर ते पाठमोरेच दिसत होते, हातात क्रूस धरलेले. त्यानंतर आठच दिवसांनी, २ एप्रिलला, ते गेले. आमच्या आजीला शेवटच्या वर्षी मोबाइलवर मिस्सा लावून दिली आणि हातात क्रूस दिला, तेव्हा "हे काही खरं नाही" अशी तिची कुरकुर होती. पोपचे ते छायाचित्र दाखवल्यावर ती थांबली.

रोजच्या प्रार्थनेला वेगळा वेळ काढू पाहाल तर तो निघणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. वेळ जिथे आधीच अडकलेला आहे तिथेच तिला बसवावे. लोकमान्यनगरहून सीताबर्डीला मेट्रोने येणाऱ्याला किंवा खापरीहून कस्तुरचंद पार्कला जाणाऱ्याला जपमाळेची पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, सहज करता येतात. माळ खिशात ठेवून बोटांनीच मणी मोजले तरी चालते. दुचाकी चालवणाऱ्याने मात्र हे करू नये. सिग्नलवर पूर्ण होईल एवढी एखादी छोटी प्रार्थना त्याला पुरेशी आहे.

दान: डबा आणि पगार

पाचव्या शतकातले पोप थोर लिओ आपल्या प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांतून एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत: उपवास करणाऱ्याने जे खाल्ले नाही, ते गरिबाच्या ताटात पडले पाहिजे, नाहीतर उपवास ही नुसती काटकसर होते. त्यासाठी स्वयंपाकघरात झाकणाला खाच पाडलेला एक डबा ठेवावा आणि शुक्रवारी मटणाचे, हॉटेलचे किंवा मागवलेल्या जेवणाचे वाचलेले नेमके पैसे त्याच दिवशी त्यात टाकावेत. महिनाअखेरीस अंदाजाने टाकू म्हटले, की ते राहूनच जाते. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, तो डबा धर्मग्रामाच्या मदतपेटीत किंवा कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेच्या प्रायश्चित्तकाळातील मोहिमेसाठी रिकामा करावा.

पण त्याआधी एक काम आहे, आणि ते मला डब्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा पगार, ड्रायव्हरचा पगार, गेल्या महिन्यात सुताराचे राहिलेले पैसे, हे सगळे राखेच्या बुधवारपूर्वी चुकते करावे. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला तो पोप लिओ तेरावे यांच्या कारकिर्दीत, आणि त्याच लिओंनी १८९१ मध्ये कामगाराला त्याच्या पोटापुरते रास्त वेतन देणे हा न्यायाचा प्रश्न आहे, असे जगाला ठणकावून सांगितले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव मुद्दाम घेतले. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर ज्या शहराचे दिवस चालले, त्या शहराला ही शिकवण परकी वाटू नये. देणे थकवून केलेल्या दानाला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

पापस्वीकार लांबणीवर टाकू नये

वर्षातून एकदा तरी पापस्वीकार करावा, म्हणजे फादरांपुढे आपली पापे कबूल करावीत, आणि पास्काच्या (ईस्टरच्या) सुमारास ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यावे, हा नियम पोप इनोसंट तिसरे यांनी बोलावलेल्या १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे. अडचण अशी, की सगळे धर्मग्राम पवित्र आठवड्यात एकदमच जागे होते, रांग दारापर्यंत जाते आणि घामाघूम झालेल्या फादरांना प्रत्येकासाठी दोन मिनिटेही मिळत नाहीत. म्हणून तिसऱ्या आठवड्यातच एखाद्या साध्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सेच्या अर्धा तास आधी जावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ पासून चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी व शनिवारी 'प्रभूसाठी चोवीस तास' ही प्रथा सुरू केली, ती नेमकी उशिरापर्यंत काम करणाऱ्यांच्या सोयीची आहे. आपल्या चर्चमध्ये ती होते का, याची चौकशी करावी. जाण्यापूर्वी आदल्या रात्री कागदाच्या तुकड्यावर मुद्दे लिहावेत आणि नंतर तो फाडून टाकावा. मोबाइलमध्ये लिहू नये, कारण मोबाइल मुलांच्या हाती असतो.

पवित्र आठवड्याची रजा

रजेचा अर्ज फेब्रुवारीतच टाकून ठेवावा. उत्तम शुक्रवारी सुट्टी असते, पवित्र गुरुवारी नसते, आणि गुरुवारची संध्याकाळ चुकली तर पुढचे दोन दिवस अधांतरी वाटतात. ही मिस्सा संध्याकाळी होते, याचे श्रेय पोप पायस बारावे यांना आहे. १६४२ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी गुरुवार ते शनिवार हे तीन दिवस सक्तीच्या सणांच्या यादीतून काढले, लोक कामावर जाऊ लागले, विधी मात्र सकाळीच होत राहिले आणि चर्च रिकामी पडू लागली. १९५५ च्या सुधारणेने गुरुवारची मिस्सा संध्याकाळी आणि शुक्रवारचा विधी दुपारी नेला, तो कामकरी माणसाला येता यावे म्हणूनच. गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी फादरांनी घरातल्या कोणाला बोलावले, तर संकोच करू नये. २०१६ पासून त्यात स्त्रियाही बसू शकतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी बायकोने पायांना मेंदी आहे म्हणून नकार दिला आणि मग वर्षभर हळहळत राहिली.

उत्तम शुक्रवारी मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचा विधी असतो. एप्रिल उजाडला असेल, तर त्या वेळी नागपूरचे ऊन काय असते हे सांगायला नको. उपवास आहे म्हणून पाणी टाळू नये, पाण्याने उपवास मोडत नाही. म्हाताऱ्यांना सावलीत, पंख्याखाली बसवण्यासाठी अर्धा तास आधी पोहोचावे आणि मुलांच्या डोक्याला रुमाल बांधावा.

शनिवारी रात्रीचा पास्काचा जागर पूर्वी चक्क शनिवारी सकाळी आटोपला जाई आणि लख्ख उन्हात "ख्रिस्ताचा प्रकाश" म्हणत मेणबत्ती मिरवली जाई. १९५१ मध्ये पायस बारावे यांनी तो पुन्हा रात्री आणला. तेव्हापासून तो अंधार पडल्यावरच सुरू होतो, वाचने पुष्कळ असतात आणि उशीर होतो. त्यामुळे शुक्रवारीच झोप भरून काढावी, लहान मुलांना संध्याकाळी पोटभर खाऊ घालावे, मेणबत्तीचे मेण टपकते म्हणून हाताभोवती जाड कागदाची वाटी करून द्यावी, आणि मिस्सा सुटेपर्यंत शेवटची मेट्रो निघून गेलेली असू शकते, तेव्हा परतीच्या गाडीचे शेजारच्या कुटुंबाशी आधीच बोलून ठेवावे.